ताबा मार्चअखेर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त, विधवा, चोवीस घरांच्या या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक्केचाळीस वर्षे राहणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आहे. मी त्याखाली आलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी दिला. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तारीख सांगितली, आणि त्यांच्या दवाखान्यातले घड्याळ चार मिनिटे मागे आहे हेही सांगितले. "बाई, पुरे, लिहितो दाखला," म्हणाले.

कागद माझ्या हातचा आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून माझे मराठी कच्चे, असे माझी नणंद जन्मभर सांगत आली. तिने हे वाचावे आणि चूक सापडल्यास कळवावे. उत्तर द्यायला मी नसेन, याचा तिला आनंदच होईल.

१. माझ्या कामाविषयी, कारण पुढचे सगळे त्यातून निघते.

मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात तेहतीस वर्षे घरांची किंमत ठरवण्याचे काम केले. लोक मला टेपवाली बाई म्हणत. पोलादी टेप घेऊन मी दारात उभी राहिले की घरातल्या बायका चहा टाकत आणि पुरुष खाकरत. मी चहा घेत नसे. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकायचे, घरातले सगळे नळ एकदम सोडून पाहायचे, आणि शेवटी दिवेलागणीला समोरच्या फुटपाथवर उभे राहून इमारतीतल्या उजेडाच्या खिडक्या मोजायच्या. मग आसपासचे अलीकडचे तीन व्यवहार शोधायचे, त्यांची सरासरी काढायची, तो झाला भाव. पेपरवाले ज्याला बाजार म्हणतात तो एवढाच असतो: तीन कागद आणि एक सरासरी. शाळेत सिस्टर आमच्या बोटांवर पट्टी मारून शिकवत, की आधी मोज आणि मग लिही. मी जन्मात एकदाच आधी लिहिले आणि मग मोजले. ती हकीकत कलम तीनमध्ये आहे.

निवृत्तीनंतरही खिडक्या मोजायची सवय गेली नाही. गावातल्या कारखान्याची दुसरी पाळी बंद झाली त्या वर्षी इमारतीत तेवीस खिडक्यांत उजेड होता. आधी "भाड्याने देणे"च्या पाट्या आल्या. मग त्याच पाट्यांवरचे भाडे खोडून कमी लिहिले गेले. मग "विकणे", मग "तातडीने विकणे", आणि मग पाट्याच दिसेनाशा झाल्या. दलालाला त्यांची गरज उरली नव्हती. कोणाच्या घरात पगार येत नाही हे त्याला जिन्यातल्या चपलांवरून कळत होते; सकाळी दहा वाजता पुरुषाच्या चपला दारात, म्हणजे त्याने जाऊन बेल वाजवायची. आपण होऊन घर सोडणारा माणूस पडदे मागे ठेवून जातो. लिलावात घर गेलेला पडद्यांचे दांडेसुद्धा उपटून नेतो. मी आठ घरांचे दांडे जाताना पाहिले. या आठवड्यात उजेडाच्या खिडक्या सात आहेत, माझी धरून, तळमजल्यावरचे ऑफिस सोडून.

२. उरलेली सतरा घरे ज्याने घेतली त्याच्याविषयी.

त्याला सगळे गुळ्या म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडते. तळमजल्यावर त्याचे ऑफिस आहे. तो मला मावशी म्हणतो. मी त्याची मावशी नाही. त्याच्या आईला बहीण असती तर तिनेही नकार दिला असता. आमच्या इमारतीच्या नियमावलीत असे आहे की तीन चतुर्थांश घरांनी हात वर केला तर इमारत पाडून जागा विकता येते, आणि बाकीच्यांनी चालू भावाने हिस्सा घेऊन निघायचे. चोविसाचे तीन चतुर्थांश अठरा. चालू भावाने माझ्याखेरीज उरलेल्या सहा घरांना गावाबाहेर एक खोलीही मिळणार नाही. म्हणजे सहा बिऱ्हाडांच्या आणि रस्त्याच्या मध्ये सध्या मी आणि माझे दार आहे.

जानेवारीत गुळ्याचा एक माणूस वर आला. हातात पाटी, कानामागे पेन्सिल.

"आजी, फक्त माप घेतो. पाच मिनिटं."

"कशाचं?"

"खोल्यांचं. तुम्ही बसा की निवांत."

मी बसले नाही. त्याने टेप भिंतीला तिरकी लावली होती, ती मी सरळ करून दिली. चुकीचे माप माझ्याने बघवत नाही. तेव्हा त्याच्या पाटीवरचा कागद दिसला. माझ्या घराचा नंबर, क्षेत्रफळ, आणि त्यापुढच्या रकान्यात: टोकन दिले. पुढे: ताबा मार्चअखेर.

"टोकन कोणाला दिलंत?" मी विचारले.

"तुमच्या मुलाला. तुम्हाला ठाऊक नाही?"

"आणि मार्चअखेर मी कुठे असणार आहे?"

तो पेन्सिलीने कान खाजवत म्हणाला, "ते शेठना ठाऊक असेल, आजी."

मी मुलाला फोन केला. "अगं, भाव रोज पडतायत," तो म्हणाला. "आज बोलून ठेवलं तर निदान आजचा भाव मिळतो. सही तुझ्यानंतरच होणार ना!"

"मग मार्चअखेर कसं काय लिहिलंय?"

त्याने पलीकडचा टीव्ही बारीक केला. मग म्हणाला, "ती त्यांची पद्धत असेल."

तेहतीस वर्षांत मी हजारभर व्यवहार पाहिले. राहत्या मालकिणीच्या घराला ताब्याची तारीख घालायची पद्धत मी पाहिलेली नाही.

३. माझ्या चुकीविषयी.

हे कलम मी सहा वेळा फाडून सातव्यांदा लिहीत आहे.

तळमजल्यावरचे गुळ्याचे ऑफिस म्हणजे माझ्या सासूबाईंचे घर. त्या गेल्यावर ते निम्मे माझ्या यजमानांचे आणि निम्मे नणंदेचे झाले. नणंदेचा हिस्सा आम्ही विकत घ्यायचा ठरला आणि किंमत ठरवायची वेळ आली. नात्यातल्या घराची किंमत आपण लावायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. पण किंमत ठरवण्याचा माझा परवाना लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा होता. नणंदेने ते नाव कधी लक्षात ठेवलेच नव्हते. मी घरात पाऊल न टाकता आकडा लिहिला, शंभराच्या जागी पासष्ट, आणि खाली माहेरच्या नावाने सही केली. नंतर टेप घेऊन खाली गेले आणि आकड्याला शोभतील अशी ओल आणि तडे शोधून काढले. त्या बाईने मला तीस वर्षे घालून पाडून बोलल्याची ही फेड, असे मी स्वतःला सांगितले. यजमानांनी अहवाल वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एवढी ओल आहे होय? मला कधी दिसली नाही." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

व्यवहार त्या आकड्याला नोंदला गेला. पुढच्या वर्षी कारखाना अर्धा बंद झाला आणि बँकांनी जुन्या कर्जांची घरे पुन्हा तपासायला घेतली. आमच्या गल्लीतला सगळ्यात ताजा व्यवहार कोणता होता? आमचा. बँकेतल्या नव्या साहेबाने खुर्चीवरून न उठता तोच धरला. दुसऱ्या मजल्यावर शिलाईचे काम करणारी बाई राहायची. तिने घरावर कर्ज काढून मशीन घेतली होती आणि एकही हप्ता चुकवला नव्हता. बँकेने कळवले की घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली, फरक आणून भरा. तिने चार महिने धडपड केली. मग लिलाव झाला, घर गुळ्याने घेतले. तो दुसरा कागद. त्याच सुमारास यजमान दवाखान्यात होते आणि आम्हाला तळमजला घाईने विकावा लागला. गुळ्या माझाच अहवाल घेऊन आला, माझीच सही बोटाने दाखवून म्हणाला, "मावशी, तज्ज्ञ माणसानं लिहिलंय हे." सही कोणाची हे त्याला ठाऊक होते का, ते मला आजही सांगता येत नाही. तो हसत होता, पण तो नेहमीच हसतो. तो तिसरा कागद.

तीन झाले. पुढचे लोक म्हणू लागले, बाजार पडला.

कारखाना मी बंद केला नाही. भाव घसरलेच असते. पण आमच्या गल्लीत ते दोन वर्षे आधी आणि दुप्पट घसरले, त्याचे कारण माझे माहेरचे नाव आहे.

४. घराविषयी.

माझे राहते घर, त्यातील राहण्याचा, वापरण्याचा आणि इमारतीच्या सभेत मत देण्याचा पूर्ण हक्क, मी वर सांगितलेल्या शिलाईवाल्या बाईला तिच्या हयातीपर्यंत देत आहे. घर विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा टोकन घेण्याचा अधिकार तिला नाही. यात अविश्वास नाही. ज्याला विकताच येत नाही त्याच्यावर जोर करून गुळ्याला काही मिळणार नाही, म्हणून तसे लिहिले आहे. तिच्यानंतर घर माझ्या नातीचे. मुलाचे नाही. मधल्या पायरीवर तो कुठेही उभा राहणार नाही.

ती बाई लिलावानंतर कोपऱ्यावरच्या तिच्या दुकानातच, मशीनमागे गादी टाकून राहते. रविवारी मी तिच्याकडे गेले आणि कलम तीन वाचून दाखवले. ती माझ्याच झग्याची दुमड घालत होती. मशीन थांबली. दोरा तुटलेला नव्हता, तरी तिने सुईतून तो काढला आणि पुन्हा ओवला.

"पासष्ट?" ती म्हणाली.

"पासष्ट."

"खरं किती होतं?"

"शंभर. पाण्याचा दाब धरला तर वर दोन-तीन."

तिने दुमडीला दोन टाचण्या लावल्या. मग म्हणाली, "बाई, घर देताय म्हणून मी माफ करीन, असं समजू नका."

"समजत नाही."

"मग ठीक आहे. माझी मशीन खिडकीशी लागेल. मला उजेड लागतो."

"लाव."

"आणि झग्याचे पैसे वेगळे."

मी ते दिले. त्याच क्षणी माझ्या मनावरचे ओझे उतरले वगैरे काही झाले नाही. ते आहे तिथेच आहे.

५. बाकीच्या वस्तू.

ठेवीतली निम्मी रक्कम नणंदेला. घराच्या किमतीतले पस्तीस मी उडवले, त्यातले निम्मे तिचे, आणि वरचे उशिराबद्दल. तिच्या आईचे भिंतीवरचे घड्याळही तिने न्यावे. मला ते कधीच आवडले नाही. उरलेली निम्मी नातीच्या शिक्षणाला. ती मोजमापाचे काही शिकली तर बरे, पण सक्ती नाही.

पोलादी टेप बँकेतल्या नव्या साहेबाला. तिच्यासोबत एक चिठ्ठी आहे: खुर्चीवरून उठा.

गुळ्याने वेळोवेळी आणलेले बिस्किटांचे चार डबे, न उघडलेले, त्याचे त्याला परत.

माझ्या मुलाला टोकनची पावती. तिची एक प्रत मी मिळवली आहे. ती काचेत बसवून त्याच्या बैठकीच्या खोलीत लावावी, ही माझी इच्छा. इच्छा पुरी करायची की नाही हे त्याच्या हातात. त्याच्यावर माझा राग आहे. तो लहानपणी तापात माझ्या कुशीत झोपायचा तेही मला आठवते, आणि त्याने राग कमी होत नाही, वाढतो.

६. जिन्याविषयी.

लिफ्ट एक फेब्रुवारीपासून बंद आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला दिवा मी तीनदा लावला, तीनदा गेला. त्याच वळणावर कठड्याला भिंतीत धरणारे चार बोल्ट आहेत. गेल्या मंगळवारी ते तीन होते. नळदुरुस्तीवाल्याने चौथा बसवला. शुक्रवारी पुन्हा तीन, आणि उरलेल्यांपैकी दोन हाताने फिरत होते. त्याने पुन्हा आवळले.

म्हणून नोंद करते. मला चक्कर येत नाही. रक्तदाब डॉक्टरांना ठाऊक आहे. मी उतरताना उजव्या हाताने कठडा धरते आणि प्रत्येक पायरी मोजते. तिसऱ्या मजल्यापासून खाली त्या चोपन्न आहेत. मी जिन्याच्या तळाशी सापडले तर "म्हातारी माणसं पडतातच" असे कोणी म्हणू नये. आधी बोल्ट मोजावेत. मग लिहावे.

आणि कोणाला वाट पाहायची असेल तर व्यर्थ आहे. शिलाईवाल्या बाईला किल्ली मी आजच दिली. दुपारी तीन वाजता तिची मशीन दोन हमालांनी वर आणली आणि खिडकीशी लावली. हे लिहीत असताना ती माझ्या पाठीमागे चालू आहे. माझ्यानंतर या खिडकीत अंधार होणार नाही. त्या कागदावरच्या रकान्याला माझे उत्तर: ताबा दिला, आज.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम डॉक्टरांनी करावे. त्यांनी आधी घड्याळ दुरुस्त करावे.

ठिकाण: तिसरा मजला, रस्त्याकडची खोली.
दिनांक: अकरा फेब्रुवारी, मंगळवार, सायंकाळी साडेपाच.

सही, सासरच्या नावाने.
सही, माहेरच्या नावाने. या वेळी आधी मोजून.

आम्हा दोघांच्या देखत लिहिणाऱ्या बाईंनी वरील दोन्ही सह्या केल्या, आणि त्यांच्या देखत आम्ही आमच्या केल्या.

साक्षीदार पहिला: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. (सही)
साक्षीदार दुसरा: नळदुरुस्तीवाला, मागची गल्ली. (सही)

साक्षीदार दुसरा याच्या हातचे, त्याच दिवशी, सहा वाजून दहा मिनिटे:

वर येताना मी कठड्याचे चारही बोल्ट स्वतः आवळले होते. सही करून खाली निघालो. वळणावर एकच राहिला आहे. म्हणून परत वर येऊन हे लिहिले. डॉक्टरसाहेब माझ्यासोबत होते, त्यांनीही मोजले. आजींना आज जिना उतरू देऊ नये. खाली ऑफिसात दिवा चालू आहे आणि दार उघडे आहे.