जरीनाच्या ओळींमधील अंतर

आदरणीय खालिदभाई यांस,

अमीनचा सविनय सलाम. सोलापुरात आपली व भाभींची प्रकृती उत्तम असावी, आणि आपल्या गुडघ्याने जिन्याशी काही समझोता केला असावा, अशी दुआ करतो. मी ठीक आहे. (रक्तदाब डॉक्टरांना मान्य आहे, मला त्याविषयी मत नाही.)

आपल्या भगिनीने, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीने, संगणकावर लिहिलेल्या आठवणी बरसीपूर्वी छापून घरच्यांत वाटाव्यात, म्हणून आपण ती फाइल तीनदा मागितली. विलंबाचे कारण तांत्रिक आहे. जरीनाने चार वर्षांत मनाला येईल तेव्हा, मनाला येईल त्या अंतराने ओळी टाईप केल्या. 'सोलापूरची शाळा' हे प्रकरण दाट. 'खडकीचे क्वार्टर' इतके विरळ, की दोन ओळींमधून माणसाने छत्री उघडून चालत जावे. कारखान्याच्या कार्यालयात बत्तीस वर्षे एकसारख्या समासांची पत्रे धाडलेल्या माणसाला हे सोसवणे कठीण.

मी सर्व मजकूर निवडून दीडपट अंतराची आज्ञा दिली. ती पाळली गेली. तथापि मधली मोकळी मैदाने तशीच राहिली, कारण तेथे तिने एंटरची कळ वारंवार दाबली होती. (एके ठिकाणी अकरा वेळा. बहुधा बोट कळेवर ठेवून ती खिडकीबाहेर पाहत राहिली असावी.) त्या रिकाम्या ओळी पुसण्यास बसलो, आणि दुपार कशी सरली ते कळले नाही. पांढऱ्या जागेकडे पाहत राहिले की ती पांढरी राहत नाही, खालिदभाई. तेथे ऊन येते, वाळत घातलेली ओढणी हलते, कोणीतरी आतून चहाचे विचारते. मग संगणकाचा पडदा आपोआप काळा होतो आणि त्यात माझा चष्मा दिसतो.

अखेरीस सदाशिव पेठेत टायपिंगचे दुकान चालवणारे सुदर्शन यांच्याकडे गेलो. त्यांनी मान वर न करता विचारले, "काका, कविता आहेत का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग एवढी जागा कोणासाठी धरून ठेवलीय?" त्यांनी सांगितले की ओळींमधील अंतर एकदाच 'स्टाइल'मध्ये ठरवावे, म्हणजे सर्वत्र तेच लागू होते. परिच्छेदानंतरची जागाही तेथेच द्यावी, एंटर मारत बसू नये. पद्धत निर्दोष आहे. फाइल लवकरच पाठवितो.

भाभींना सलाम सांगावा.

आपला नम्र,
अमीन

ता. क. : वरील 'लवकरच' हा शब्द पूर्णतः प्रामाणिक नाही. सुदर्शन यांनी सर्व काम चार मिनिटांत केले, त्यास तीन आठवडे झाले. घरी येऊन मी ते पूर्ववत केले.

आणखी ता. क. : फाइल मागवण्याऐवजी आपणच यावे, ही विनंती. इतके महिने मी केवळ ओळींमधील जागा पाहिली; शीर्षकांपलीकडे एकही ओळ वाचलेली नाही. आपण मोठ्याने वाचावे, मी समोर बसेन. मध्येच शुद्धलेखनाच्या चुका काढणार नाही. (जरीनाने या वाक्यावर विश्वास ठेवला नसता.)