अकराव्या मैलाचा दगड

जुना टोलनाका, ॲशकोम, डेव्हन
३ मार्च १९४६

चि. थर्झास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. डुकरीला नऊ पिल्लं झाली. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझ्या गिरणीवाल्या नवऱ्याला नमस्कार सांग. अजून बशीतूनच चहा पितो का, तेही कळव.

आता कामाचं. चाळीस साली जर्मन उतरले तर त्यांना वाटा कळू नयेत म्हणून मैलाचे दगड पुरायचा हुकूम आला होता. आपल्या टापूतले तीन बाबांनी एकट्याने पुरले. चौतीस वर्षं मैलकुली होते. दर वसंतात त्या दगडांना चुना द्यायचे, अक्षरं काळी करायचे. आणि कुठे पुरले ते मलासुद्धा सांगितलं नाही. हुकुमाच्या बाबतीत ते किती कर्मठ होते हे तुला माहीतच आहे.

दहावा आणि बारावा मिळाला. आपल्या दाराजवळचा अकरावा काही सापडत नाही. पंचवीस तारखेपर्यंत मिळाला नाही तर रस्त्यांची कचेरी तिथे पत्र्याची पाटी ठोकणार आहे. त्या जागी पत्रा मला बघवणार नाही गं. शंभर पावलं चर खणून झाला. जेबेझला वेड लागलंय, असं शेजारच्या लकॉम्बबाई गावभर सांगत सुटल्यात. बाबा तुला कधी काही बोलले होते का? तुमचं बोलणं बंद होतं, तू त्यांच्या मातीलाही आली नाहीस, तो विषय मी काढत नाही.

तब्येतीला जप आणि भावाला विसरू नकोस.
तुझा, जेबेझ


हॅलिफॅक्स
९ मार्च १९४६

ती. जेबेझदादास सा. न. वि. वि.

विषय काढत नाही म्हणून काढलासच की! असो. चहा बशीतूनच पितात.

दादा, बाबांचं एक पत्र आलं होतं, जुलै चाळीसमध्ये. मी ते फोडलं नाही. लग्न करून निघाले तेव्हा त्या दगडापाशीच बस पकडली होती. बाबा म्हणाले होते की दगडापुढे गेलीस तर या घराकडे वळून पाहू नकोस. मी पाहिलं नाही. सहा वर्षांनी आलेल्या पत्रात रागच असणार असं धरून ते लोकरीच्या पेटीत तळाशी टाकलं. ते गेल्यावर तर फोडायचा धीरच झाला नाही.

तुझं पत्र आल्यापासून त्या पेटीभोवती घुटमळत होते. काल फोडलं. चारच ओळी आहेत, उतरवून देते:

थर्झा, दगड पुरले. कुठे ते कुणाला सांगायचं नाही असा हुकूम आहे, म्हणून सांगत नाही. तुझा पुढचा दात पडला होता तिथली माती मऊ आहे, एवढंच म्हणतो. लढाई संपली की ये आणि जेबेझला दाखव. त्याला एकट्याला जमायचं नाही.

घरामागच्या नासपतीच्या झाडावरून मी पडले होते, तेव्हाच तो दात पडला. जिन्यावरून पडले असं आईला सांगायला मला बाबांनीच शिकवलं होतं. तुम्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं. तिथे खण.

ते मला बोलावत होते, दादा. ते वाट बघत गेले आणि त्यांचं बोलावणं माझ्या पेटीत पडून राहिलं. या गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही.

धाकटीवर राग धरू नकोस.
थर्झा


ॲशकोम
१३ मार्च १९४६

चि. थर्झास अनेक आशीर्वाद.

मिळाला! नासपतीखाली दोन फुटांवर, बाबांच्या जुन्या रेनकोटात गुंडाळलेला. तो कोट चोरीला गेला म्हणून आम्ही बसलो होतो. पुढून नेहमीचंच, एक्झेटर ११. चुनाही शाबूत आहे.

पण दगडाची पाठ आपण कधी पाहिली होती का? ती कुंपणाकडे असायची, आणि तिथली काटेरी जाळी बाबा कुणाला छाटू देत नसत. त्या पाठीवर छिन्नीने कोरलंय: हॅलिफॅक्स २६८. बाबांचाच हात. नखाने खरवडून पाहिलं, काळ्या रंगाचे सहा थर आहेत. तू गेल्यानंतरचे, पुरेपर्यंतचे सहा वसंत.

जिल्ह्याबाहेर पाऊल न टाकलेला माणूस! मालमोटारी थांबवून बाबा ड्रायव्हरांशी काय बोलत बसायचे, ते आत्ता कळलं. म्हातारपणी बडबडे झाले म्हणून मी त्यांना हसायचो. काल मी त्या दगडाशेजारी बसून रडलो, थर्झा, आणि लकॉम्बबाईंनी तेही पाहिलं.

दगड अजून रोवलेला नाही. मला एकट्याला जमायचं नाही, असं लेखी आहे.

वाट पाहतो.
जेबेझ


हॅलिफॅक्स
१७ मार्च १९४६

ती. जेबेझदादास सा. न. वि. वि.

शनिवारी तेवीसला येते. एक्झेटरहून बस धरेन आणि टोलनाक्याच्या अलीकडेच, दगडाच्या खड्ड्यापाशी उतरेन. चुना भिजवून ठेव. या वसंताचा हात मी देणार आहे. पाठ कुंपणाकडेच ठेवू या, लोकांना काय करायचंय? जाळी मात्र आता वाढू द्यायची नाही.

आमच्या यांनी गिरणीच्या ड्रायव्हरकडून अंतर पडताळून घेतलं. दोनशे एकाहत्तर भरतं. बाबांचं माप उभ्या जन्मात कधी चुकलं नाही, ते इथे तीन मैलांनी चुकलं. यांनी लगेच दुरुस्तीसाठी छिन्नी बांधून दिली. मी ती पिशवीतून काढून ठेवली. तीन मैल जवळच धरलं होतं त्यांनी मला. राहू दे तसंच.

माया आहे तशीच असू दे, आणि मी येईपर्यंत दगडाला हात लावू नकोस.
तुझी, थर्झा