अप्पांच्या सुटलेल्या नावाची निरवानिरव

मी ईरम्मा, लिंगैक्य महादेवप्पा यांची थोरली लेक आणि लिंगैक्य जगदेवप्पा यांची पत्नी, वय ६७, राहणार मंठाळ, तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, पण कलबुर्गीचे डॉक्टर म्हणाले की सहीला डोके पुरते. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकणाऱ्यांनी यापूर्वीच टाकून पाहिला आहे. वकील गुरुराज यांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात टोमणे मारू नयेत. ते मी ऐकून घेतले.

१. मंठाळचे राहते घर माझी नणंद यल्लम्मा हिला द्यावे. बावीस वर्षे ती माझ्यासोबत राहते आहे आणि एवढ्या काळात माझ्या एकाही भाजीला बरी म्हणालेली नाही. बँकेतली ठेवही तिच्याच औषधपाण्याला. पुढे घराचे काय करायचे ते तिने ठरवावे, मी वरून सल्ले देणार नाही.

२. आमच्या मालकांनी आणि मी बसवकल्याणला टायपिंगचा क्लास चालवला, पुढे त्याचेच इंटरनेट सेंटर केले. त्यातली दोन टाईपरायटरे माळ्यावर आहेत. कन्नड चालते, मराठी बंद आहे. ज्याला हवी त्याने न्यावीत, परत आणू नयेत.

३. आता मुख्य माल. राजेश्वर गावी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, डाळमिल आहे. २०११ साली मी तिच्यासाठी इंटरनेटवर 'महादेवप्पाडाळ डॉट कॉम' हे नाव घेतले, आणि पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक तिथून तूरडाळ मागवू लागले. आमच्या घरात म्हैस घेतली तरी ती थोरल्याच्या नावावर घेतात. म्हणून हे नावही अप्पांच्या नावावर, अप्पांच्या ईमेलवर, अप्पांच्या मोबाईलवर घेतले. अप्पांनी जन्मात ईमेल उघडला नाही. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिला होता, आणि वर्ष संपले की कॅलेंडर रद्दीत गेले.

असे नाव कायमचे विकत मिळत नसते. ठरावीक वर्षांचे पैसे भरायचे, मुदत संपण्याआधी पुन्हा भरायचे. नाही भरले तर सुटते.

४. २०१६ साली अप्पा गेले, आमच्या भाषेत लिंगैक्य झाले. त्याच वर्षी धाकटा भाऊ संगमेश याने माझ्याकडून हक्कसोड लिहून घेतले, म्हणजे वडिलांच्या मालमत्तेतला वाटा बहिणीने भावाला सोडल्याचा कागद. बदल्यात इरकल साडी मिळाली. साडी चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. कागदात शेत होते, मिल होती, विहिरीवरची मोटरसुद्धा होती. इंटरनेटवरचे नाव नव्हते, कारण तीही मालमत्ता आहे हे कोणाच्या डोक्यात आले नाही. माझ्याही नाही.

मग संगमेशने अप्पांचे सिम बंद केले. मेलेल्या माणसाला रिचार्ज कशाला, हा त्याचा मुद्दा. पैसे भरा म्हणून आठवण करणारी पत्रे अप्पांच्या ईमेलवर येऊन पडत राहिली. २०१८ साली मुदत संपली, साईट बंद पडली, आणि संगमेशने केबलवाल्याला बोलावून खांबावर चढवले. खाते उघडायला अप्पांचे सिम लागत होते आणि ते संगमेशकडे, म्हणून मी फोन केला.

"संगम्या, अप्पाचं नाव सुटायलंय. पैसे भर."

"नाव कुठं सुटायलंय अक्का, मिलच्या बोर्डावर हाय की."

तीन वेळा सांगितले. चौथ्या वेळी सांगितले नाही, बॅकऑर्डर लावली.

५. ही काय भानगड ते संगमेशची लेक चैत्रा हिच्यासाठी लिहून ठेवते, कारण पुढे तिलाच निस्तरायचे आहे. मुदत संपली म्हणून नाव लगेच मोकळे होत नाही. पहिला महिनाभर, कंपनीप्रमाणे कमीजास्त, मालकाला नेहमीच्या दराने परत घेता येते. नंतर आणखी तीस दिवस, पण जबर दंड भरून. त्यानंतरचे पाच दिवस असे असतात की मालक रडला काय आणि पाया पडला काय, नाव पुसले जाण्याच्या रांगेत उभे असते. मग ते सुटते आणि जो पहिला धरेल त्याचे होते. तो क्षण माणसाच्या बोटांना सापडत नाही. म्हणून नावे धरून देणाऱ्या कंपन्यांकडे आधीच मागणी नोंदवून ठेवायची, तिला बॅकऑर्डर म्हणतात. त्यांची यंत्रे त्या घटकेला दार ठोठावत राहतात. नाव मिळाले तर पैसे, नाही मिळाले तर बहुतेक ठिकाणी काही द्यावे लागत नाही. एकाच कंपनीकडे दोघांनी मागणी लावली तर लिलाव. काही नावे मोकळी होण्याआधीच लिलावात निघतात. आणि मालकाने मध्येच जागे होऊन पैसे भरले, तर आपण गुमान घरी जायचे. खात्री कशाचीच नाही, म्हणून मी दोन कंपन्यांकडे लावून ठेवली.

अडीच महिने वाट पाहिली. संगमेशने पैसे भरावेत असेही वाटत होते आणि भरू नयेत असेही. मरताना खोटे कशाला लिहू. शेवटी नाव मला मिळाले. लिलाव झाला नाही, कारण अप्पांच्या नावावर साऱ्या जगात मी एकटीच टपून होते. त्या दिवशी मी पोटभर रडले. यल्लम्मा म्हणाली, "वैनी, कांदे मी चिरायलेय, तू कामून रडायलीस?"

६. नाव हाती येताच मी ते पुन्हा मिलच्याच साईटला जोडून दिले. सगळ्या ऑर्डरी संगमेशकडेच गेल्या, किलोभर डाळ माझ्याकडे वळली नाही. त्याला वाटले, केबलवाल्याने दुरुस्त केले. दोन वर्षांपूर्वी चैत्रा मिलचा कारभार पाहू लागली, तेव्हा तिने नावाचा मालक कोण ते शोधले आणि बापाला सांगितले. संगमेश मंठाळला आला.

"अक्का, हक्कसोडात समदं सोडलीस की तू."

"मी सोडलं, ते तुझ्यापाशी गेलं. हे तू सोडलास, मी धरलं."

तो चहा न पिता गेला.

गेल्या वर्षी मी कलबुर्गीच्या दवाखान्यात असताना भावाने दोन कामे केली. सफरचंदे आणली आणि त्या नावावर बॅकऑर्डर लावली. अक्का गेल्यावर मुदत भरणार कोण, असा विचार. फॉर्म चैत्राने भरला, कारण त्याला येत नाही. आणि त्याच संध्याकाळी माझ्या खाटेशेजारी बसून सफरचंद सोलता सोलता तिनेच मला सांगितले. मला राग आला आणि थोडा अभिमानही वाटला. आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी पुरुष मुदतीच्या आधी जागा झाला होता.

घरी आल्यावर मी एकदम दहा वर्षांचे पैसे भरले. त्याहून जास्त भरून घेत नाहीत. संगमेशची बॅकऑर्डर अजून तशीच आहे, त्याने तब्येत सांभाळावी.

७. 'महादेवप्पाडाळ डॉट कॉम' हे नाव मी चैत्राला देते. अटी दोन.

एक. मी गेल्याबरोबर माझे सिम बंद करू नये. आधी नाव चैत्राच्या खात्यात हलवावे, ईमेल आणि नंबर तिचा टाकावा, मग रडायचे ते रडावे. आम्हा लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, तेव्हा दहा दिवसांची सबब चालणार नाही. मला रीतीप्रमाणे बसवून पुरतील तेवढ्या वेळात हे काम होते.

दोन. चैत्राने लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर कोणत्याही हक्कसोडावर सही करू नये. तिने केली, किंवा कोणी करून घेतली, तर गुरुराज यांनी पुढची मुदत भरू देऊ नये आणि नाव जगाला सुटू द्यावे. मिलची अर्ध्याहून जास्त डाळ त्या नावावर विकली जाते. लेकीपुढे कागद सरकवण्याआधी बापाने हे आठवावे.

चैत्रा, मला शेत नको होते गं. मिलही नको होती. मला कोणीतरी विचारायला हवे होते.

८. दुसरा साक्षीदार म्हणून मी संगमेशलाच बोलावले. गुरुराज म्हणाले, साक्षीदाराला मजकूर दाखवायची गरज नसते. मी दाखवला. हे कलम तो समोर बसलेला असताना लिहीत आहे.

त्याने कागद घेतला, पहिल्यापासून वाचला, मग पुन्हा वाचला. मी घाई केली नाही. २०१६ साली कचेरीत मी चष्मा काढायला पिशवीत हात घातला, तेव्हा तो म्हणाला होता, "वाचून काय करतीस अक्का, भाऊच हाव की तुझा." आणि मी, जन्मभर लोकांचे कागद टाईप केलेली बाई, न वाचता सही करून मोकळी झाले होते.

"म्हंजे चैत्राकडून सही घ्यायचीच न्हाई?" त्याने विचारले.

"न्हाई."

"अन् मिल?"

"तिचा वाटा तिला."

त्याने सातव्या कलमावर बोट ठेवून ते पुन्हा वाचले. मग म्हणाला, "व्हय. पेन दे."

ठिकाण : मंठाळ. दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५.

लिहून ठेवणार : ईरम्मा जगदेवप्पा. सही दोन्ही साक्षीदारांसमोर केली.

साक्षीदार १ : गुरुराज, वकील, बसवकल्याण. टोमणे काढण्याचा सल्ला दिला होता, तो मानला गेला नाही.

साक्षीदार २ : संगमेश महादेवप्पा, राजेश्वर. वाचून सही केली.