फेडू न दिलेली सावड

४ जून २००१

शिबिराचा पहिला दिवस. जव्हारला वसतिगृहाच्या हॉलमध्ये. पंखे दोन, त्यातला एक नुसता आवाजाला. समोर कापडी फलक : 'अनिश्चित काळातील नेतृत्व आणि उभारी.' वाचून मनात आलं, आमच्याकडे निश्चित काळ आला कधी होता?

शिकवायला पुण्याच्या शुभदाताई. साठीच्या असतील. साडीवर बूट घातलेले. बूट बघून बरं वाटलं, बाई चालणारी दिसते.

बसलेले सगळे छोट्या छोट्या संस्थांचे प्रमुख. आणि मीही प्रमुख! एप्रिलात संस्था काढणाऱ्या आमच्या सरांच्या छातीत दुखलं, मुलगा येऊन नाशिकला घेऊन गेला. गाडीत बसता बसता सर म्हणाले, "सुमन, आता तू बघ." झालं. काल बालवाडीची बाई, आज संस्थेची प्रमुख. घोड्यावर बसवलं, पण लगाम कुठे असतो ते सांगायचं राहिलं.

श.ताई म्हणाल्या, मनातली भीती चिठ्ठीवर लिहा. लिहिलं : मानधनाचे पैसे देणाऱ्या ट्रस्टची मदत मार्चला थांबणार. मग आमच्या बालवाड्या चालवणाऱ्या लक्ष्मी, हिरा, जनी काम सोडणार. आणि वावर गावची पोरं... पुढे लिहवेना. वावर-वांगणीत पोरं कुपोषणाने गेली, त्या वर्षानंतर आमची संस्था सुरू झाली. ती पोरं मी पाहिलीत.

ताण आला की काय करता, असं एकेकाला विचारलं. मोखाड्याचे दिनकरराव, तिकडे एक छोटी संस्था चालवतात, म्हणाले, "चहा." मी म्हटलं, "भांडी घासते. आपटून." सगळे हसले. श.ताईंनी ते फळ्यावर लिहिलं. खरंच.

५ जून

आजचा विषय : पद आणि घर यांत रेघ ओढा. श.ताईंनी एका संस्थेच्या गाडीची गोष्ट सांगितली, जी प्रमुखाच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड वाहत होती. लोक हसले, मला हसू येईना. माझ्याकडे गाडी नाही. पण शेत आहे, आणि त्या शेतात दरवर्षी कोण राबतं? लक्ष्मी, हिरा, जनी.

म्हणजे आमची सावड आहे पहिल्यापासून. त्या माझ्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मी त्यांच्या आवणीला. दिवसाला दिवस. पण तेव्हा आम्ही चौघी सारख्या होतो. आता मी प्रमुख. हाताखालच्या बाया प्रमुखाच्या चिखलात रोपं लावतात, याला आमच्याकडे जुना शब्द आहे : वेठ. साखरशेत गावचे म्हातारे अजून त्या गोष्टी सांगतात, सावकाराच्या शेतावर आधी राबायचं, मग आपल्या. माझा आजा त्यातलाच.

छे. यंदा ते नाही.

११ जुलै

आवणी उरकली. कंबर माझी नाहीच, कुणा दुसऱ्याची लावल्यासारखी.

मी तिघींच्याही शेतावर जाऊन आले. मी जाण्यात काय गैर? उलट प्रमुखाने पुढे व्हावं, असं श.ताईंनीच सांगितलंय. माझ्या शेताला मात्र पलीकडच्या पाड्यावरचे मजूर लावले. लक्ष्मीने निरोप धाडला होता, कधी यायचं? मी उलट निरोप दिला, "येऊ नका, माझं झालं." गोड बोलून. मनातून खूष होते.

सासूबाई तोंड फिरवून बसल्या. "मजुराची आवणी ती मजुराची आवणी." ह्यांना विचारलं, बरोबर केलं ना? हे तहसील कचेरीत कारकून, तिथे कुठल्याच प्रश्नाला हो-नाही म्हणत नाहीत. तीच सवय घरी. "तुझं तू बघ."

२६ जुलै

ऑफिसात महिन्याची मीटिंग. ऑफिस म्हणजे खोली, आणि आज ती गळत होती. हिरा आलीच नाही. का? "पाऊस आहे ना, मॅडम," लक्ष्मी म्हणाली.

हिरा आणि पावसाला अडणार? नदीला पाणी असताना डोक्यावर पोर घेऊन आलेली बाई ती.

पण ते जाऊ दे. *मॅडम*? पंधरा वर्षं मला 'सुमनबाय' म्हणणारी लक्ष्मी. मी हसून म्हटलं, मॅडम कोण गं? ती हसली नाही. चहासुद्धा अर्धा ठेवला. जनी आपली नखं बघत होती.

घरी येऊन सगळी भांडी घासली. घासलेली पण.

१४ ऑगस्ट

वावरला गेले, न कळवता. लक्ष्मीच्या बालवाडीला कडी. ओट्यावर पोरं बसलेली, हातात ताटल्या. हे दिवस म्हणजे घराघरातल्या कणग्या रिकाम्या, नवं भात अजून लांब. पोरांना दुपारी जी खिचडी मिळते तेच खरं जेवण. शेजारची म्हातारी म्हणाली, "लक्षी मोखाड्याला गेली. नोकरी बघाया."

माझी तळपायाची आग मस्तकात. चूल पेटवली, खिचडी टाकली, रागात लाकडं जास्त सारली, खिचडी लागली. पोरांनी खाल्ली तरी. एका चिमुरडीने शेवटी सांगितलं, "लक्षीबाय करते ती बेस असते." ऐकून घेतलं.

परतताना वाटभर एकच. माणसं मला प्रमुख मानत नाहीत. सर होते तेव्हा अशी कडी लागली नव्हती. सरळ आहे : सरांना सर म्हणायचे, मला मॅडम, आणि दोन्हीत फरक आहे.

ह्यांना रात्री म्हटलं, सोडून देते. "कोणाकडे?" विचारलं त्यांनी.

३ सप्टेंबर

शिबिराचा दुसरा टप्पा. ठरवून गेले होते, की रडायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत श.ताईंनी नुसतं "काय सुमनताई?" म्हटलं आणि मी रडले. वरणभाताच्या ताटावर. लाज.

सगळं सांगितलं. लक्ष्मी अशी, हिरा तशी, मी एवढं केलं, आवणीला गेले सगळ्यांच्या. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "त्यांना विचारलंत?"

"काय विचारायचं? दिसतंय ना."

"माझं काय चुकलं, एवढंच. आणि मग गप्प बसायचं. खुलासा नाही, 'पण' नाही. त्या उठून जाईपर्यंत गप्प."

दुपारी सराव घेतला. दिनकरराव लक्ष्मी झाले, पदर म्हणून टॉवेल घेऊन. मी विचारलं, माझं काय चुकलं? ते काही बोलायच्या आत मीच सुरू, "कारण मी तर..." सगळा हॉल हसला. परत केलं. परत तेच. मला गप्प बसता येत नाही हे या वयात कळलं. श.ताई म्हणाल्या, "बाहेरून कितीही हादरे बसले तरी माणसं तगतात. आतून एकमेकांशी बोलणं थांबलं की नाही तगत." एरवी असली वाक्यं मी सोडून देते. हे मनात राहिलं.

९ सप्टेंबर

लक्ष्मीकडे गेले. ती पडवीत नागलीची भाकरी थापत होती. 'ये' म्हणाली, 'बस' म्हणाली नाही. मीच बसले.

विचारलं. "लक्ष्मी, माझं काय चुकलं?"

आणि गप्प. देवा! भाकरी थापून झाली, तव्यावर गेली, उलटली, फुगली. मी जीभ दाताखाली धरून. शेवटी भाकरी काढता काढता, माझ्याकडे न बघता :

"तू जाणार हायेस ना?"

"कुठे?"

"कुठं ते आमाला काय ठाव. साहेबाची बदली होल, तू ठाण्याला नाय तर नाशकाला जाशील. सरांच्या मागं."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. (दिनकरराव, बघा.) तिचंच पुढे :

"तू आमची आवणी केलीस. आमी येतो सांगला, तर नको बोललीस. आमची सावड आमच्याच अंगावर ठेवलीस, फेडू दिली नाय. असा कोण करतो? जो गाव सोडून जातो तो करतो. नाय तर जो नातं तोडतो तो. हिरा दोन दिस रडली. बोलली, सुमनबायला आता आपला हात नको, आपला हात घाण. मंग आमी कोणाच्या भरवशावर बसावा? म्हणून मोखाड्याला गेली मी, नोकरी बघाया."

एवढं साधं. या मातीत जन्मले, वाढले, आणि हे मला दिसू नये? घ्यायचं नाही म्हणजे मोठेपणा, असं धरून बसले होते. इथे तर न घेणं म्हणजे दार लावणं.

मग सांगितलं. वेठीचं, आज्याचं, प्रमुखपणाचं. लक्ष्मी टक लावून बघत राहिली आणि हसायला लागली. डोळ्यातून पाणी येईपर्यंत. "अगं बाय! वेठ करून घेणारा बांधावर उभा राहातो, छत्री घेऊन. तू तर आमच्या बरोबर चिखलात होतीस!"

मीही हसले. मग दोघी रडलो, तेही झालं. भाकरी खाल्ली. उठताना म्हणाली, "हिराला मी नाय सांगणार. तू जा."

गेले हिराकडे. दारातून आत घेतलं नाही. "आयकला," एवढंच म्हणाली.

२ ऑक्टोबर

मीटिंग. हिरा आली, पण दाराशी बसली.

आजवर मी काय करत होते, तर "होईल सगळं नीट, मी बघते." आज खरं ते सांगितलं. मार्चनंतर मानधन येईल का, माहीत नाही. ठिकठिकाणी अर्ज केलेत, कुणाचं होही नाही, नाहीही नाही. मला भीती वाटते. एकटीला झेपणार नाही. काय व्हायचं ते होवो.

एवढं बोलून थांबले. सवय केली नसती तर पुढेही मीच बोलत सुटले असते.

मग जनी, जी कधी बोलत नाही, म्हणाली, "मंग सावड करू. लक्षी पोरां सांभाळते तवा तिचा राब आमी करू. मी पोरांत असेन तवा माझा लक्षी करील. पोरांच्या आया पण येतील. त्यांचीच पोरां ना?"

लक्ष्मीने लगेच मान डोलवली. मला इतका आनंद झाला की उठून उभी राहिले. तेवढ्यात हिरा दारातून : "सावडीनं शेत होतो. मीठ, त्याल, पोराचा दवाखाना, त्याला काय सावड करणार?"

बरोबर आहे तिचं. तिला तसंच सांगितलं. पण मदत थांबली तरी पावसाळा संपेपर्यंत बालवाड्या ओढायच्या, इतपत ठरलं. हिरा 'बघीन' म्हणाली.

२१ ऑक्टोबर

माझी कापणी. या खेपेला मजूर नाहीत. तिघींना निरोप धाडला : "मला माणसं पाहिजेत, या." चार शब्द. निरोप लिहून घेणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला वाटलं असेल, बाई एवढी घाम का पुसते.

लक्ष्मी आणि जनी पहिल्या गाडीने हजर. सासूबाईंनी चहाला दूध जास्त घातलं, म्हणजे खूष. हिरा नाही. मी दहादा रस्त्याकडे बघितलं. लक्ष्मी म्हणाली, "भाताकडे बघ, बोट कापशील."

दुपारी भाकरी खाऊन परत वाकलो, तर पलीकडच्या टोकाला कुणीतरी कापतंय. हिरा. कधी आली, कळलं नाही. तिकडून ती, इकडून आम्ही. मध्यावर आलो तेव्हा माझ्या समोर उभी राहिली, कंबरेवर हात. "तुझा इळा बोथट हाय, सुमनबाय."

सुमनबाय! मला दुसरं काही नको होतं.

६ डिसेंबर

शिबिराचा तिसरा, शेवटचा टप्पा. दिनकररावांची खुर्ची रिकामी. संस्था मिटवली, आता मेहुण्याच्या किराणा दुकानात बसतात. कुणी वाईट बोललं नाही. त्यांच्याइतका मनापासून कुणी तो सराव केला नव्हता. जाता-येता दुकानात जाऊन भेटायचं.

श.ताईंना सगळं सांगितलं. 'रेघ ओढा' हे मी कुठे नेऊन ओढलं, ते ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "हे मला पुण्यात बसून कळलं नसतं. पुढच्या शिबिरात सांगू?" म्हटलं, सांगा, पण आधी आमच्या आवणीला या. येते म्हणाल्या. बूट काढून यावं लागेल, हेही सांगितलं.

वावरची बरीच घरं वीटभट्टीवर गेली, भिवंडीकडे. उरलेली पोरं येतात. लक्ष्मीची कडी एकदाही लागलेली नाही.

३१ मार्च २००२

आजपर्यंतचं मानधन दिलं. उद्यापासून काही नाही. दोन अर्जांना नकार, एकाने "जूनमध्ये बोलू" म्हटलंय. जूनमध्ये तर जूनमध्ये.

हिराने शहापूरकडे भावाच्या ओळखीने काम मिळतंय का ते विचारलंय. माझ्यापासून लपवलं नाही, तोंडावर सांगितलं. मला राग आला नाही. काळजी वाटली. तिने जावं असं वाटत नाही, आणि थांब म्हणायला माझ्या हातात काही नाही. "अजून ठरला नाय," म्हणाली. बघू.

उद्या पहिली पाळी लक्ष्मीची. ती वावरला बालवाडी उघडणार, मी आणि जनी तिच्या शेतात राब अंथरायला, म्हणजे रोपांची जागा भाजायला पालापाचोळा पसरायला. शेत डोंगराच्या पलीकडे आहे, तिथून बालवाडी दिसत नाही. आधी वाटलं, जाता जाता डोकावावं, कडी काढली का बघावं. हे म्हणतात, "बघ बाई, उद्या एक एप्रिल आहे."

नाही बघणार. आधी राब. ती पोरांत आहे असं धरून अंथरायचा.

सकाळची पहिली गाडी धरायची आहे. भाकऱ्या आताच थापून ठेवते.