आईच्या पर्समधली दोन कार्डं

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर हा विषय काढला की तू हसतेस आणि मी चिडते, म्हणून लिहितेय. लॅबमध्ये जेवणाची सुट्टी आहे. समोरच्या टेबलावर कुणाकुणाच्या कवळ्या वाळत पडल्यात आणि सगळ्या माझ्याकडे बघून हसताहेत असं आज उगाच वाटतंय.

विषय आईच्या कार्डाचा. बाबा होते तोवर घरातला पैसा त्यांच्या खिशात राहिला. ते गेल्यावर आईला दुकानात एकेक नोट उलटीसुलटी करून बघताना पाहिलं आणि मला राहवलं नाही. माझ्या क्रेडिट कार्डावर तिच्या नावाचं जोडकार्ड काढून दिलं. खर्च तिने करायचा, बिल मी भरायचं, आणि तिने कुठेही कार्ड लावलं की मेसेज माझ्या फोनवर येणार.

हे कार्ड मी डोळे मिटून निवडलेलं नाही. खर्चातले थोडे पैसे परत देणारी कार्डं पुष्कळ आहेत, पण सगळी सगळ्यावर देत नाहीत. कुणी पेट्रोलवर देतं, कुणी विमानाच्या तिकिटावर. आईकडे ना गाडी ना विमान. मी आधी तिचा खर्च कशाकशावर होतो ते पाहिलं: किराणा, औषधं, विजेचं बिल. या तिन्हीवर पाच टक्के परत देणारं कार्ड शोधलं. वर्षाची फी किती, महिन्याला जास्तीत जास्त किती परत मिळणार, बारीक अक्षरातल्या अटी, सगळं वाचलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, मी पाय पाहून अंथरूण घेतलं.

आणि तू काय केलंस? मॉलच्या दारात एका पोराने बॅग फुकट मिळेल म्हणून सांगितलं, त्यासरशी कार्ड घेतलंस, आणि माझ्या पाठोपाठ त्याचंही जोडकार्ड आईच्या हातात ठेवलंस. त्याच्यावर पैसे परत मिळतात ते सिनेमाचे, हॉटेलाचे आणि प्रवासाचे. आपली आई हॉटेलात पाणी मागायलाही संकोचते. तिला हे कार्ड म्हणजे माशाला छत्री.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीला मला मेसेज येत होते. किराणा दुकानाचा मेसेज आला की कळायचं, आई उठली, तिने आवरलं, आपल्या पायांनी कोपऱ्यापर्यंत गेली. हातातला साचा बाजूला ठेवून मी तो वाचायची आणि मला बरं वाटायचं. आता गेले दोन महिने एकही मेसेज नाही. तुझ्या फोनवर येतात का? येत असतील तर मला वाईट वाटेल, तरी सांग.

लोभ आहे तेवढा असू दे. फक्त आईच्या बाबतीत माझ्यापुढे धावू नकोस.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जळल्याचा वास इथपर्यंत आला. आधी दुकानातल्यांना वाटलं वायरिंग गेलं.

मी बँकेचे मेसेज कधी उघडत नाही हे तुला माहीत आहे. बिल आलं की भरते आणि विसरते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावल्यावर स्वतः काही वाचायची इच्छा उरत नाही. पण तुझं पत्र आलं, म्हणून काल गिऱ्हाईक नसताना सगळे मेसेज वाचून काढले. येतात, ताई. पुष्कळ येतात.

आता खुर्चीत बसून वाच. पहिला खर्च खेळाच्या सामानाच्या दुकानातला. मग तरणतलावाची फी. त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी एक कॉफीचं दुकान. मधूनमधून दुपारचा सिनेमा. आपली आई पोहायला शिकतेय, आणि पाण्यातून बाहेर आली की कुणाबरोबर तरी बसून कॉफी पिते. त्यातल्या कॉफीचे आणि सिनेमाचे पैसे मला परतही मिळालेत. तू एवढा अभ्यास करून तिच्यासाठी कार्ड निवडलंस आणि मी एका बॅगेपायी. तरी तिला बसलं ते माझंच. बॅगेची चेन मात्र पहिल्याच आठवड्यात तुटली, तेवढ्यावर समाधान मान.

मला हसू आलं, पण थोडं फुशारल्यासारखंही झालं, हे लपवत नाही. लहानपणी आईला काही आणायचं असलं की ती हाक तुलाच मारायची. मी हरवेन किंवा सुटे पैसे हरवेन अशी तिला खात्रीच होती. जन्मात पहिल्यांदा तिने मला हाक मारली, तर मला मिरवू दे की थोडं.

तिला सवडीने फोन करून कॉफीवाल्या मंडळींची चौकशी करणारच आहे.

रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस, तो माल बाजारात मिळत नाही.

तुझी,
धाकटी

१३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला पोहायला येतं हे मला धाकटीच्या पत्रातून कळलं. अभिनंदन. गुडघ्यांचं काय म्हणून विचारणार होते, पण ज्या बाईला आपल्या मुलीला सांगावंसं वाटलं नाही तिच्या गुडघ्यांची चौकशी करणारी मी कोण.

तुझी औषधं कुठली, कधीची, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं मला तोंडपाठ. बाबांच्या आजारात दवाखान्याच्या बाकावर मी झोपले. तुझ्यासाठी कार्ड निवडलं ते तुझ्या घरातला प्रत्येक डबा आठवून. आणि सिनेमाला जाताना तू पर्समधून काढतेस ते धाकटीचं. मला तिचा हेवा वाटतो, आई. या वयात वाटू नये, पण वाटतो. काम माझ्या वाट्याला आणि गंमत तिच्या, अशी वाटणी तू केव्हा केलीस ते मला कळलंच नाही.

माझं कार्ड नको असेल तर तसं सांग. मी बंद करून टाकते.

तब्येतीला जप. माझ्यावर माया असेल तर दोन ओळी लिही.

तुझी,
थोरली

१८ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग तुझा लहानपणीचा चेहरा आठवला. धाकटीसाठी फ्रॉक शिवायला घेतला की तू मशीनच्या पायडलवर येऊन बसायचीस आणि मशीन चालू द्यायची नाहीस. अजून तिथेच बसली आहेस.

तुझं कार्ड मी का वापरत नाही ते सांगते. डिसेंबरात किराणा दुकानात लोण्याचे दोन मोठे डबे घेतले. कार्ड लावलं, पिशवी अजून काउंटरवरच होती, तेवढ्यात तुझा फोन. एवढ्या पैशांचं काय घेतलंस, आणि मी लोणी म्हटल्यावर, एवढं लोणी कुणासाठी, डॉक्टरांनी काय सांगितलंय, असं तू विचारत होतीस. मला ऐकू कमी येतं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो. मागच्या रांगेने सगळं ऐकलं. दुकानदार मान खाली घालून हसत होता. मी एक डबा परत ठेवला. शेजारणीकडे नातवंडं येणार होती आणि केक मी करणार होते, पण ते तिथे उभं राहून कुणाकुणाला सांगू?

तुझे बाबा चांगले होते, त्यांनी मला कधी काही कमी केलं नाही. पण एवढ्या वर्षांत मी दोऱ्याचं रीळ आणलं तरी किती दिले हे सांगूनच घरात पाऊल टाकलं. ते गेल्याचं दुःख मला आहे ते आहेच. पण हिशेब सुटला, हेही खरं आहे, आणि हे मी तुलाच सांगू शकते. मग त्यांच्याच खुर्चीत तू येऊन बसलीस.

म्हणून किराणा आणि औषधं रोख आणते, आणि बाकीचं धाकटीच्या कार्डावर. ती जास्त लाडकी म्हणून नाही. ती एरवी बघत नाही म्हणून. तू माझ्यासाठी जे कार्ड निवडलंस ते अगदी बरोबर आहे, पण ते दोन वर्षांपूर्वीच्या बाईसाठी आहे. मी आता तेवढंच खात नाही आणि तेवढंच जगत नाही.

गुडघे पाण्यात दुखत नाहीत. कार्ड बंद करू नकोस.

तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे, ती रोज तपासायची नसते.

तुझी,
आई

२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आईचं पत्र आलं. त्यात काय होतं ते विचारू नकोस, पण चूक माझी होती एवढं तुला लिहून देते. जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

बँकेत जाऊन मेसेज बंद करता येतील का विचारलं. फसवणूक होऊ नये म्हणून ते यावेच लागतात असं काउंटरवरची मुलगी म्हणाली. मग आईला एवढंच कळवलं की मेसेज येतील, मी वाचीन, पण त्यावरून फोन करणार नाही.

परवा पहिला आला. बेकरी. रक्कम अशी की एका माणसाच्या पोटात मावणार नाही. माझा हात आपोआप फोनकडे गेला. शेवटी फोन प्लास्टरच्या डब्यामागे ठेवला आणि एक वरची कवळी घासत बसले. ती इतकी गुळगुळीत झाली की त्या गृहस्थांच्या तोंडात ठरली म्हणजे मिळवली.

तुझ्या कार्डावर ती अजून कॉफी पिते, हे मला अजून टोचतं. ते जाणार नाही. पण दाताखाली धरायला शिकतेय.

लोभ ठेव, आणि थोडा माझ्या बाजूला सरकव.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज माझी पाळी. तू हसशील, हस.

आई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुझ्याकडे येतेय. तुला मेसेज आला असेलच, कारण रेल्वेचं तिकीट तिने तुझ्या कार्डावर काढलं. तुझ्या कार्डावर प्रवासाचा एक पैसा परत मिळत नाही. माझ्यावर मिळतो, तेवढ्यासाठीच तर ते कार्ड आहे, आणि आईला हे पाठ आहे. मी फोन करून म्हटलं की अशी कशी चूक केलीस. ती म्हणाली चूक नाही. काउंटरवर उभी असताना तिने दोन्ही कार्डं हातात धरली होती. मग तुझं पुढे केलं. म्हणाली की मी निघाले हे थोरलीला तिथल्या तिथे कळायला हवं, कळलं तरी ती आता उलट विचारत नाही, आणि वर मलाच, परत मिळणारे पैसे तुझे तुला लखलाभ.

मग मी विचारलं की माझ्याकडे कधी येणार. बघू म्हणाली.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. फेब्रुवारीत तुला लिहिलं होतं तसा मी तिला फोन केला होता, वीस तारखेच्या सुमारास. ती कॉफीच्या दुकानातच होती. मी चेष्टेत विचारलं की बरोबर कोण आहे, एकाच वेळी एवढी कॉफी कोण पितं, कुणी आजोबा तर नाहीत ना. तिच्या फोनचा आवाज मोठा असतो हे माझ्या लक्षात नव्हतं. तिने फोन ठेवला.

मी आता रोज सकाळी दुकान उघडलं की आधी बँकेचे मेसेज बघते. मंगळवारी आणि शुक्रवारी जरा जास्तच वेळा. महिना झाला, ताई, एकही आलेला नाही.

ती तुझ्याकडे आली की तिला माझा नमस्कार सांग. लोभाची वाटणी तूच कर, मला उरलेला चालेल.

तुझी,
धाकटी