आता पाणी उतरेल

महाड, जुलै १९९९

अहो,

पाठवायला पत्ता नाही, तरी लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात सुट्टीला आपण श्रीवर्धनच्या किनाऱ्याने चालत निघालो. वाऱ्याने माझी छत्री उलटली. खडकांवर पाणी चढायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, मागे फिरूया. तेवढ्यात पाऊस थांबला. तुम्ही हसलात, "आता पाणी उतरेल गो."

आपण महाडची माणसं. आपल्याला सावित्री नदीचा पूर कळतो, भरती कुठे ठाऊक? तुम्ही पुढे झालात ते दिवेआगरला सापडलात.

आज घरात पाणी शिरलं. मी माळ्यावर बसलेय. दुपारी पाऊस थांबला, तशी शेजारच्या रघुवीरभाऊजींनी हाक मारली, "वहिनी, आता पाणी उतरेल."

मी बघत बसले.

उतरलं हो.

तुमची,
अनुपमा