थुंकीच्या नळ्यांना केलेली जागा

कर्स्टन,

कामावरून आलीस की आधी फ्रीझर उघडशील, म्हणून सांगून ठेवतो. तू तपासणीसाठी आणलेल्या थुंकीच्या नळ्या मी कचऱ्यात टाकल्या. परत काढू नकोस.

सकाळी दात न घासता नळीत थुंकलो. खाली तार, वर फेस. शी! दुपारी तोंड कोरडं पडलं तर तू फोनवर म्हणालीस, "डॅड, लिंबू डोळ्यांसमोर आण, सुटेल पाणी." जन्मभर बोटींवर माल चढवला, पण स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती. वर तुझं पालुपद, "पुरुषांचे हार्मोन या वयात कमी होतात, म्हणून तू खुर्चीतून उठत नाहीस." मी का उठत नाही हे कळायला थुंकी कशाला तपासायला हवी?

ते राहू दे. नळ्यांना जागा करायला तू फ्रीझरमधला एक डबा काढून सिंकपाशी ठेवलास. तुला वाटलं असेल, आई गेल्यावर चर्चच्या बायकांनी आणून दिलेल्यांपैकीच एक. त्यावरच्या चिकटपट्टीवर तुझ्या आईचं अक्षर होतं. हॉस्पिटलात जायच्या आधी लोर्नाने केलेलं वाटाण्याचं सूप. शेवटचं. मी पाहिलं तेव्हा पार वितळलं होतं.

मग गरम करून खाल्लं. माझ्या ब्लडप्रेशरपायी मीठ नेहमीसारखं कमीच होतं. वरून घातलं नाही.

तुझा वाटा ओव्हनमध्ये झाकून ठेवलाय. तूही मीठ घालू नकोस. मी तळ्यापर्यंत चालून येतो. डबा तसाच ठेव, आल्यावर मी घासेन.

डॅड